देवनगरींत सहा दिवस

वार्धक्यांत दूरचा प्रवास करावा कीं घरींच गीतेचे अध्याय वाचीत बसावें, याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. पहिला चिरंजीवांचा व सूनबाईंचा. दुसरा केवळ माझा. सौभाग्यवती कोणत्या पक्षास मिळणार हें त्या ऐनवेळीं ठरवितात, आणि बहुधा माझ्याविरुद्धच ठरवितात. मुलांच्या सुटीच्या अखेरीस, जून महिन्याच्या आरंभीं, थायलंडची राजधानी बँकॉक येथें सहा दिवस जाण्याचा बेत निघाला, तेव्हां 'त्या शहरांत आपल्यासारख्यांनीं पाहावें असें आहे तरी काय?' असा मीं प्रश्न केला. बँकॉकविषयीं आपल्याकडे ऐकूं येतें तें बाजारहाट आणि रात्रींचे विलास एवढेंच. वाचकांपैकीं पुष्कळांची समजूत अशीच असेल. ती किती अपुरी आहे हें सांगावें, आणि मुलांबाळांसह तेथें जाणाऱ्या कुटुंबांस कांहीं उपयोग व्हावा, यासाठीं हा लेख.

मात्र मी निघण्यास तयार झालों त्याचें कारण निराळें होतें. नातू तेरा वर्षांचा. शाळा उघडली कीं त्याला संस्कृत किंवा जर्मन यांपैकीं एक भाषा निवडावयाची होती, आणि त्याचा कल जर्मनकडे होता. मीं चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, आणि घरच्याच मुलानें "आजोबा, संस्कृत आतां कोठें बोलतात?" असें विचारावें, याचें शल्य मनांत होतें. ज्या देशाच्या विमानतळाचें नांवच 'सुवर्णभूमि' आहे, तेथें त्याला नेलें म्हणजे त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला द्यावें लागणार नाहीं, तेथल्या भिंतीच देतील, असा माझा हिशेब होता. तो कितपत जुळला हें पुढें येईलच.

थाई लोक आपल्या राजधानीस बँकॉक म्हणत नाहींत, 'क्रुंगथेप' म्हणतात. क्रुंग म्हणजे नगर आणि थेप म्हणजे देव. हें झालें लघुरूप. पूर्ण नांव जगांतील सर्वांत लांब नगरनाम म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तें बहुतेक सारें पाली-संस्कृत आहे. महानगर, अमर, रत्न, नवरत्नराजधानी, उत्तमराजनिवेशन, अमरविमान हीं पदें त्यांत आपल्या कानाला सहज ओळखूं येतात. आणि ही नगरी इंद्रानें दिली व विश्वकर्म्यानें बांधली, असें सांगून तें नांव संपतें. इतिहास थोडक्यांत असा. ब्रह्मी सैन्यानें १७६७ सालीं जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे नांवानें आपली अयोध्याच, उद्ध्वस्त केली. ताक्सिन राजानें चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथें राज्य पुन्हां सांवरलें. पुढें १७८२ सालीं चक्री घराण्याच्या पहिल्या राजानें पूर्व तीरावर ही नवी राजधानी वसविली. या घराण्यांतील राजांस पहिला राम, दुसरा राम असे क्रम लावण्याची रीत आहे. २०१६ सालीं गादीवर आलेले महावज्रालंकरण हे दहावे राम होत.

आम्ही नदीजवळच्या एका घरगुती विश्रामगृहांत उतरलों होतों, आणि कुटुंबवत्सलांस मी हाच सल्ला देईन. पाहण्यासारखें जुनें शहर बहुतेक नदीकांठीं आहे. प्रवासी नावा दिवसभर वरखालीं जात असतात. भुयारी रेल्वेचें सनाम चाय स्थानक २०१९ सालीं सुरू झाल्यापासून राजवाडा व वाट फो हीं दोन्ही पायीं चालत जाण्याच्या टप्प्यांत आलीं आहेत. जूनमध्यें उकाडा कडक असतो आणि दुपारीं पाऊस कोसळतो. म्हणून देवळें सकाळीं पाहावीं, दुपार विश्रांतीस द्यावी, आणि सायंकाळ नदीस द्यावी.

पहिल्या दिवशीं राजवाडा व त्याच्या आवारांतील वाट फ्रा केओ हें राजमंदिर पाहिलें. येथें खांदे व गुडघे झांकलेले असल्यावांचून आंत सोडीत नाहींत. आमच्या चिरंजीवांस अर्ध्या विजारीमुळें परत फिरावें लागलें. सौभाग्यवतींच्या नऊवारीस मात्र द्वारपालानें नमस्कार केला. मंदिरांतील बुद्धमूर्तीस पाचूचा बुद्ध म्हणतात. वस्तुतः ती अखंड हिरव्या पाषाणाची असून उंचीनें सुमारें ६६ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक आहे. उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा अशा तीन ऋतूंच्या आरंभीं स्वतः राजा तिचा वेष बदलतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत देवाला चंदनाची उटी लावतात आणि थंडींत शाल पांघरतात. तेव्हां सौभाग्यवतींस हें समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं.

या मंदिराभोंवतीं जी लांबच लांब ओवरी आहे, तिच्या भिंतींवर रामकथेचीं १७८ चित्रें रंगविलेलीं आहेत. थाई रामायणाचें नांव 'रामकियन', म्हणजे रामकीर्ति. पहिल्या रामाच्या काळीं १७९७ सालीं तें काव्यरूपांत सिद्ध झालें. एकेक चित्र पाहूं लागलें म्हणजे अर्धा दिवस पुरत नाहीं. फ्रा राम, फ्रा लक, नांग सीदा, सुक्रीप, ओंगखोत, कुंफकान या नांवांमागील राम, लक्ष्मण, सीता, सुग्रीव, अंगद आणि कुंभकर्ण ओळखण्याचा खेळ नातवंडांनीं सुरू केला. 'थोत्सकान' म्हणजे दशकंठ, हें नातवानेंच आधीं ओळखलें. माझी छाती फुगली. येथवर हिशेब बिनचूक चालला होता.

पुढें सेतुबंधनाचा प्रसंग आला. समुद्राच्या तळाशीं शुभ्र हनुमान, आणि त्याच्यासमोर कमरेखालीं मत्स्याची काया असलेली एक सुंदर स्त्री. तिचें नांव सुफन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या. ती दशकंठाची कन्या. वानरांनीं समुद्रांत टाकलेले पाषाण ती आपल्या मासळ्यांकडून पळवून नेत असे. हनुमान तिला पकडण्यास गेला आणि तिच्यावर अनुरक्त झाला. पुढें त्यांना मच्छानु नांवाचा पुत्रहि झाला. बरोबरच्या पुस्तिकेंतून एवढें वाचून दाखवून नातवानें मिस्किलपणें माझ्याकडे पाहिलें. शनिवारीं मारुतीस तेल घातल्याखेरीज मी अन्न घेत नाहीं. मीं चारचौघांत चढ्या स्वरांत म्हटलें, "हें चूक आहे. मारुति ब्रह्मचारी! यांनीं आपली मूळ कथा बिघडविली आहे."

सौभाग्यवती खांबाशीं टेकून उभ्या होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "अहो, मग आपला मकरध्वज तो कोणाचा?"

मी निरुत्तर झालों. अहिरावण-महिरावणाची कथा आपल्या पोथ्यांतून व कीर्तनांतून लहानपणापासून ऐकलेली. राम-लक्ष्मणांस पाताळांत नेलें, त्यांना सोडविण्यास मारुति गेला, आणि द्वारावर त्याला अडविणारा वीर त्याचाच पुत्र मकरध्वज निघाला. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीनें गिळला होता, हें त्याच्या जन्माचें कारण. वाल्मीकींत यांतलें कांहीं नाहीं. आपल्या पूर्वजांनीं मारुतीचें ब्रह्मचर्यहि राखलें आणि त्याला पुत्रहि दिला. तेव्हां मूळ कथा बिघडली असें कोणी म्हटलें नाहीं. पुस्तिका पुढें वाचतां असें कळलें कीं, थाई कथेंतहि मैयराप नांवाचा राक्षस रामाला पाताळांत नेतो, आणि तेथें हनुमानाला अडविणारा द्वारपाल हा मच्छानुच असतो. ज्या गोष्टीबद्दल मीं परक्यांस दोष दिला, तिचें बिंब माझ्याच घरांतल्या पोथींत होतें. आणि पोथी मीं शिकविली होती, सौभाग्यवतींनीं ती ऐकली होती.

दुसऱ्या दिवशीं वाट फो पाहिलें. येथील शयनमुद्रेंतील बुद्ध ४६ मीटर लांब व १५ मीटर उंच आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामानें १०८ मंगलचिन्हें काढलीं आहेत, आणि भिंतीलगत ओळीनें १०८ कांस्यपात्रें मांडलीं आहेत. भाविक एकेका पात्रांत एकेक नाणें टाकीत जातात. त्या नाण्यांचा नाद त्या दालनांत अखंड घुमत असतो. हें मंदिर थाई वैद्यकाचेंहि पीठ होय. तिसऱ्या रामाच्या काळीं येथें औषधी, मर्दन व इतर विद्या यांविषयींचे लेख शिळांवर कोरून सर्वांस खुले केले. ते २०११ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचींत समाविष्ट झाले. आवारांत आसनें करणाऱ्या ऋषींच्या मूर्ति आहेत. त्यांना तेथें 'रुसी' असेंच म्हणतात. बुद्धकालीन वैद्य जीवक यांस थाई वैद्य आपला आद्यगुरु मानतात. मर्दनाची विद्या येथें आजहि शिकवितात, आणि गुडघेदुखी असलेल्या वाचकांनीं तिचा लाभ अवश्य घ्यावा. माझ्या गुडघ्यांस दोन दिवस बरें वाटलें.

वाट फोच्या जवळच्या धक्क्यावरून नावेनें पलीकडे गेलें कीं वाट अरुण, म्हणजे अरुणाचें मंदिर लागतें. त्याच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या बश्यांचे व तुकड्यांचे नक्षीकाम आहे. पायऱ्या फार उभ्या. वयस्करांनीं वर चढण्याचा हट्ट धरूं नये. खालीं नदीच्या घाटावर बसून सूर्यास्त पाहावा.

एका दिवशीं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलें. तें सोमवारीं व मंगळवारीं बंद असतें, हें ध्यानांत ठेवावें. सुखोथाई काळचे विष्णु व शिव यांच्या कांस्यमूर्ति आणि राजांच्या अंत्ययात्रेचे प्रचंड रथ हे येथील विशेष. एका रथाचें नांव इंद्राच्या वैजयंतावरून ठेवलें आहे. सायंकाळीं १९३३ सालीं उघडलेल्या साला चालर्मक्रुंग नाट्यगृहांत 'खोन' हें मुखवट्यांचें रामनाट्य पाहिलें. त्यांत नट बोलत नाहींत. निवेदक व गायक त्यांच्यासाठीं बोलतात, आणि नट हातांच्या बोटांनीं व पावलांनीं अर्थ दाखवितात. युनेस्कोनें २०१८ सालीं या कलेस मानवतेच्या वारशांत स्थान दिलें. हनुमान रंगभूमीवर येतांच थाई प्रेक्षकांतील मुलें खदखदां हंसूं लागलीं, आणि त्यांच्याबरोबर आमचींहि. मींहि हंसलों, हें येथें कबूल करतों.

चौथा दिवस मीं स्वतःसाठीं राखून ठेवला होता. दिन्सो रस्त्यावर 'देवस्थान' नांवाचें ब्राह्मणांचें मंदिर आहे. लोक त्यास 'बोत फ्राम' म्हणतात. पहिल्या रामानें तें १७८४ सालीं स्थापिलें. शिव, गणेश व नारायण अशीं तीन देवालयें एका आवारांत आहेत. जवळच चौकांत तांबड्या रंगाचा, सागवानी लाकडाचा प्रचंड झोपाळा उभा आहे. पूर्वीं पौषाच्या सुमारास, शिव पृथ्वीवर उतरतात त्या उत्सवांत, ब्राह्मणवेषांतील तरुण त्यावर झोंके घेऊन उंच बांबूला टांगलेली नाण्यांची थैली दांतांनीं पकडीत. हा खेळ १९३५ सालीं बंद झाला. जुनें लांकूड जीर्ण झाल्यामुळें २००७ सालीं नव्या सागाचा झोपाळा उभारण्यांत आला. मंदिरांतील पूजाविधि मात्र आजहि होतात. आणि राजाचा अभिषेक, मे महिन्यांतील नांगरणीचा राजसमारंभ हीं कार्यें याच ब्राह्मणांच्या हातून होतात. नांगरणीच्या समारंभांत बैलांपुढें भात, मका, तीळ, गवत, पाणी इत्यादि सात पदार्थ ठेवतात, आणि बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचें भाकीत सांगतात.

शुभ्रवस्त्र परिधान केलेले, केसांची गांठ बांधलेले एक वृद्ध पुरोहित शिवालयांत होते. मी मोठ्या उत्साहानें पुढें झालों आणि त्यांच्याशीं संस्कृतांत बोललों. त्यांनीं हात जोडून स्मित केलें. मीं वाक्य सावकाश पुन्हां उच्चारलें. त्यांनीं पुन्हां स्मित केलें, आणि एका थाई भक्ताला प्रसादाची फुलें देण्यास वळले. मागाहून समजलें कीं, शिवोत्सवांत येथें जीं स्तोत्रें म्हणतात तीं दक्षिणेकडून आलेलीं तमिळ स्तोत्रें आहेत. हे ब्राह्मण बुद्धालाहि वंदन करतात, थाई भाषाच बोलतात, आणि शतकानुशतकें तेथलेच झालेले आहेत. बाहेर येऊन जोडे घालतांना नातू हळूच म्हणाला, "आजोबा, म्हणजे येथेंहि संस्कृत कोणी बोलत नाहीं."

त्याच्या बोलण्यांत उपहास नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. रात्रीं मीं जेवणहि नीट घेतलें नाहीं.

पांचवा दिवस गुरुवार होता. सकाळीं चहाला खालीं आलों, तों विश्रामगृहाच्या मालकीणबाईंची नात, वय असेल अकरा-बारा वर्षें, शाळेच्या गणवेषांत केळीच्या पानांचा एक शंकु तबकांत बसवीत होती. त्यांत तिनें तीन वस्तु मोठ्या काळजीनें खोंचल्या: सुईसारख्या टोंकदार कळ्यांचीं तांबडीं फुलें, वांग्याचीं फुलें, आणि हिरव्यागार दूर्वा. दूर्वा पाहून सौभाग्यवती चमकल्या. चिरंजीवांनीं फोनवरील भाषांतराच्या साहाय्यानें विचारपूस केली. त्या दिवशीं तिच्या शाळेंत 'वाय ख्रू' होतें. वाय म्हणजे नमस्कार; ख्रू म्हणजे गुरु. शाळा सुरू झाल्यावर आरंभींच्या एका गुरुवारीं मुलें शिक्षकांपुढें गुडघे टेकून हीं फुलें अर्पण करतात. वार गुरुवारच कां, याचें उत्तर त्या दिवसाच्या थाई नांवांतच आहे. तें नांव बृहस्पतीचें आहे. बुद्धि सुईसारखी तीक्ष्ण व्हावी, विद्या दूर्वेसारखी पसरावी, आणि वांग्याचें फूल जसें खालीं झुकतें तसें विद्यार्थ्यानें नम्र असावें, असा त्या तीन वस्तूंचा अर्थ मुलीनें सांगितला.

मी आजन्म शिक्षक होतों हें चिरंजीवांनीं तिला सांगितलें असावें. ती उठली, तबक बाजूस ठेवलें, आणि माझ्यापुढें वांकून हात जोडले. मग शाळेची वेळ झाली म्हणून धांवत गेली. दूर्वेची एक काडी जमिनीवर पडली होती. ती नातवानें उचलून माझ्या हातीं दिली. आम्हां दोघांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

त्या सकाळीं मला माझी चूक उमगली. मी या नगरींत चार दिवस 'हें आमचें, तें आमचें' असा पंचनामा करीत हिंडत होतों. लेक परक्या घरीं दिली, तिचा तेथें संसार फुलला, नातवंडें झालीं. आणि बाप एके दिवशीं जाऊन तिच्या स्वयंपाकघरांतलीं भांडीं मोजूं लागला, त्यांवर आपल्या घराचें नांव शोधूं लागला, आणि आमटीची चव बदलली म्हणून रागावला, तर त्याला शहाणा कोण म्हणेल? माहेरच्या माणसानें लेकीच्या घरीं जाऊन तिचें घर पाहावें, दोन घांस प्रेमानें खावेत, आणि तिनें आपलें म्हणून काय उभारलें याचें कौतुक करावें. संस्कृत त्या देशांत कोणी बोलत नसेल. परंतु तेथलीं मुलें गुरूला गुरुच म्हणतात आणि बृहस्पतीच्या दिवशीं त्याच्यापुढें दूर्वा ठेवतात. भाषेनें याहून अधिक काय करावें?

आतां कांहीं व्यावहारिक सूचना. शाकाहारी मंडळींनीं सावध असावें, कारण भाजींतहि 'नामप्ला' नांवाचा माशांचा रस घालतात. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत 'जे' अशी खूण असलेलीं दुकानें शोधावीं. त्या अन्नांत मांस, मासे, अंडीं तर नसतातच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य असतो, म्हणजे आपला चातुर्मासच. फाहुरात या भागांत भारतीय वस्ती, गुरुद्वारा व भारतीय उपाहारगृहें आहेत. मुलांच्या मस्तकावर कौतुकानें हात ठेवूं नये, कारण तेथें मस्तक पवित्र मानतात. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसूं नये. स्त्रियांनीं भिक्षूंस स्पर्श करूं नये. सकाळीं आठ व सायंकाळीं सहा वाजतां राष्ट्रगीत लागतें, तेव्हां सर्वांबरोबर स्तब्ध उभें राहावें. राजघराण्याविषयीं थट्टेनेंहि अनुदार शब्द काढूं नये. कायदा फार कडक आहे. दिनदर्शिकेवरील वर्ष पाहून गोंधळूं नये. त्यांचा बुद्धशक इसवी सनाहून ५४३ वर्षांनीं पुढें आहे.

सहाव्या दिवशीं परत निघालों. सुवर्णभूमि विमानतळावर निघणाऱ्या उतारूंच्या दालनांत समुद्रमंथनाचें एक भव्य शिल्प आहे. मध्यें मंदार, त्यावर विष्णु, आणि वासुकीला दोन्हीं बाजूंनीं ओढणारे देव व दैत्य. "देव शेपटीकडेच कां?" असें नातवानें विचारलें. दैत्यांनीं मुखाकडील बाजू मानाची म्हणून हट्टानें घेतली, आणि शेवटीं वासुकीचे विषारी फूत्कार त्यांनाच सोसावे लागले, ही कथा मीं त्याला सांगितली. 'आपली' हा शब्द मात्र मीं त्या कथेच्या मागें लावला नाहीं.

शाळा उघडल्यावर त्यानें जर्मन भाषाच निवडली. अर्जावर सही करण्यास तो माझ्याकडे आला तेव्हां किंचित् घाबरला होता. मीं सही केली. मग तो म्हणाला, "आजोबा, त्या शहराचें पूर्ण नांव देवनागरींत लिहून देतां? मला त्यांतले समास सोडवावयाचे आहेत." तेव्हांपासून रोज सायंकाळीं दिवे लागल्यावर आम्ही दोघे एकेक पद घेऊन बसतों. सध्यां 'नवरत्नराजधानी'पर्यंत आलों आहों. घाई कोणालाच नाहीं.